वजन उतरले, पुढे काय? फोनवरची तपासणी आणि समोरची तपासणी

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. संध्याकाळची वेळ, दवाखाना भरलेला, बाहेरच्या बाकावर दहा-बारा माणसे. त्यात एक शिक्षिका आल्या. वय अडतीस. "डॉक्टरसाहेब, पित्त फार झालंय. काही पोटात ठरत नाही, नुसत्या उलट्या होतात," असे त्यांनी सांगितले. बाई पूर्वीपेक्षा बऱ्याच बारीक दिसत होत्या. विचारले तर म्हणाल्या, "डाएट चाललंय." मी नाडी पाहिली, रक्तदाब घेतला. जीभ कोरडी होती. उलटीचे इंजेक्शन दिले, ग्लुकोजच्या सलाईनची एक बाटली लावली आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो. अशक्त माणसाला सलाईन लावायचे, ही आपल्याकडची रीतच होऊन बसली आहे.

तिसऱ्या दिवशी त्यांचे यजमान त्यांना रिक्षातून घेऊन आले. बाई भिंत धरून चालत होत्या. "एकाच्या दोन वस्तू दिसतात," म्हणत होत्या. डोळे एका जागी ठरत नव्हते, बाहुल्या सारख्या हलत होत्या. सकाळी काय खाल्ले, ते आठवत नव्हते. मी यजमानांना बाजूला घेऊन विचारले, तेव्हा त्यांनी खालच्या आवाजात सांगितले, "दोन महिन्यांपूर्वी वजन कमी करायचं ऑपरेशन केलंय. कुणाला सांगायचं नाही, असं तिनं बजावलं होतं."

मग सगळा उलगडा झाला. बाईंच्या शरीरातले बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपले होते आणि मेंदूला इजा होऊ लागली होती. वैद्यकशास्त्रात या विकाराला वर्निकेचा विकार म्हणतात. साखरेपासून ऊर्जा तयार करायला थायमिन लागते. त्याचा साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच असतो. तो संपत आलेल्या माणसाला नुसते ग्लुकोज दिले, तर उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते. म्हणजे मी लावलेली ती बाटली उपकारक नव्हती, अपकारकच होती. हे कबूल करायला जड जाते. पण या लेखाचा विषयच असा आहे, की ते लपवून चालणार नाही.

त्याच क्षणी थायमिनचे इंजेक्शन शिरेतून दिले, बाईंच्या शल्यचिकित्सकांना फोन लावला आणि रुग्णवाहिकेने त्यांना शहरात पाठवले. तिथे दुर्बिणीतून पाहिल्यावर जठराची नवी नळी एके ठिकाणी अरुंद झाल्याचे आढळले. फुग्याच्या साहाय्याने ती रुंद करण्यात आली आणि उलट्या थांबल्या. डोळे आठवडाभरात सुधारले. चाल सुधारायला मात्र चार महिने लागले.

ही शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय?

वाचकहो, लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया म्हणजे चरबी काढणे नव्हे. हा गैरसमज आधी दूर करू. यात जठर लहान केले जाते. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार चालतात. पहिल्यात जठराचा सुमारे पाऊण भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. तिला 'स्लीव्ह' म्हणतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाला लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. तो 'बायपास'. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये बायपासची सुरुवात केली. आता या शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होतात. पोटावर चार-पाच लहान व्रण राहतात आणि रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो.

योग्य रुग्णाला हिचा फायदा मोठा आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे चार हजार लठ्ठ व्यक्तींचा अभ्यास करण्यात आला. त्यातल्या निम्म्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती, निम्म्यांनी नेहमीचे उपचार घेतले होते. २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरासरी अकरा वर्षांच्या काळात, वय आणि इतर आजारांचा हिशेब धरल्यावर, शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण सुमारे २९ टक्क्यांनी कमी भरले. मधुमेह आटोक्यात येणे, रक्तदाबाच्या गोळ्या कमी होणे, गुडघ्यांवरचा भार उतरणे हे तर डोळ्यांना दिसतेच. तेव्हा हा लेख वाचून कोणी शस्त्रक्रियेला घाबरू नये.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. अपेंडिक्स काढले की विषय संपतो, तसे हे नाही. जठर कायमचे बदललेले असते. म्हणून तपासणीही कायमची. साधारणपणे पहिल्या एक-दोन आठवड्यांत, मग एक महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि त्यानंतर दरवर्षी, जन्मभर. खरी अडचण इथेच आहे.

पहिले वर्ष उत्साहाचे, पुढे विसर

पहिल्या वर्ष-दीड वर्षात वजन भराभर उतरते. कपडे सैल होतात, ओळखीचे लोक कौतुक करतात. रुग्ण उत्साहाने तपासणीला जातो. पुढे वजन स्थिरावते आणि उत्साहही ओसरतो. आपल्या भागातून पुण्या-मुंबईला जायचे म्हणजे पहाटेची एसटी, एक दिवसाची रजा किंवा बुडालेली मजुरी, सोबतीला घरचे एक माणूस आणि डॉक्टरांसमोर दहा मिनिटे. "बरं तर वाटतंय, कशाला जायचं?" असे मनात येते आणि एक भेट चुकते. मग दुसरी चुकते. ही तक्रार आपल्याच जिल्ह्याची नाही. जगभरच्या डॉक्टरांचा अनुभव हाच आहे, की वर्ष उलटले की तपासणीला येणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटते.

आणि गंमत अशी, की काही त्रास नेमके तेव्हाच सुरू होतात. बी-१२ जीवनसत्त्वाचा साठा यकृतात दोन-तीन वर्षे पुरतो. त्यामुळे गोळ्या बंद केल्या तरी पहिल्या वर्षी काही जाणवत नाही. तिसऱ्या वर्षी पायांना मुंग्या येऊ लागतात, अंधारात तोल जातो. शाकाहारी माणसात हा साठा मुळातच कमी असतो. पाळी चालू असलेल्या स्त्रियांत लोह कमी पडून रक्त कमी होते. कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व कमी पडले, तर हाडे हळूहळू ठिसूळ होतात आणि त्याचा पत्ता बरेचदा हाड मोडल्यावर लागतो. वजन पुन्हा वाढू लागते, तेही साधारण दुसऱ्या वर्षानंतरच.

फोनची सोय आली

२०२० मध्ये कोविडची साथ आली, टाळेबंदी झाली, एसटी बंद पडली. त्याच वर्षी २५ मार्चला केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. नोंदणीकृत डॉक्टरला फोनवरून, व्हिडिओवरून किंवा लेखी संदेशातून सल्ला देण्याची रीतसर वाट त्यामुळे मोकळी झाली. फोनवर भागेल की रुग्णाला समोर बोलवावे लागेल, हा निर्णय डॉक्टरने स्वतःच्या विचाराने घ्यायचा आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तातडीच्या प्रसंगी रुग्णाला लवकरात लवकर प्रत्यक्ष उपचार मिळतील असे पाहावे, असेही सांगितले आहे.

साथ ओसरली, पण फोनची सवय राहिली. शहरातले शल्यचिकित्सक आणि आहारतज्ज्ञ आता पुष्कळ तपासण्या व्हिडिओवर करतात. मग प्रश्न येतो, हे पुरेसे आहे का?

माझे उत्तर असे, की काही बाबतींत फोन पुरेसा आहे. काही बाबतींत तर समोरच्या भेटीपेक्षाही सरस आहे. आणि काही बाबतींत तो धोक्याचा आहे.

सरस कसा, ते सांगतो. आमच्या गावातले एक किराणा दुकानदार, वय बावन्न, जुना मधुमेह. त्यांची बायपास झाली. या शस्त्रक्रियेनंतर साखर दिवसांत उतरू लागते, वजन उतरण्याच्याही आधी. म्हणून मधुमेहाची औषधे लगेच कमी करतात. त्यांची एक गोळी रुग्णालयातून निघतानाच बंद केलेली होती. घरी आल्यावर त्यांना दुपारी घाम सुटायचा, हात थरथरायचे. ते म्हणायचे, अशक्तपणा आहे. व्हिडिओवर आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांना सांगितले, "काका, घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या कॅमेऱ्यासमोर मांडा." त्यात जुन्या गोळीचे पाकीट निघाले. महिनाभराच्या गोळ्या वाया जाऊ नयेत, म्हणून काका त्या संपवत होते! लगेच साखर मोजायला लावली, ५८ निघाली. तोंडात साखर घालायला सांगितली, गोळी बंद केली आणि डॉक्टरांना कळवले. काका रुग्णालयात गेले असते, तर ते पाकीट घरीच कपाटात राहिले असते.

आहाराचा सल्ला तर फोनवर उत्तम होतो. डाळीचे पाणी की डाळ, वाटी केवढी, पनीर, दही, अंडी, सोयाबीन यांतून दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने कशी जमवायची, हे स्वयंपाकघरात उभे राहून बोललेले बरे. रक्ताचे अहवाल पाहणे, घरच्या यंत्रावरच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या नोंदी पाहून औषध बदलणे, गोळ्यांची आठवण करणे, धीर देणे, यासाठी सहा तासांचा प्रवास करायला लावणे हा रुग्णावर अन्याय आहे.

फोनला जे दिसत नाही

आता दुसरी बाजू. त्या शिक्षिकाबाईंनी उलट्या सुरू झाल्यावर तीन आठवड्यांत आपल्या रुग्णालयाला तीनदा फोन केला होता. पहिला प्रश्न दर वेळी वजनाचा असे. वजन उतरत होते, त्यामुळे पलीकडून "छान!" असे उत्तर येई. उलट्यांबद्दलही विचारले गेले होते. पण "थोड्याफार होतात" असे बाईंनीच सांगितले. खरे सांगितले तर बोलावून घेतील, रजा शिल्लक नाही, शाळेत कारण काय सांगायचे, ही भीती. फोनवर माणूस आपले दुखणे सहज लहान करून सांगू शकतो. उठताना खुर्चीला दिलेला हाताचा आधार, ओढलेला चेहरा, अडखळणारे पाऊल हे काही त्याला लपवता येत नाही. पण ते पाहायला समोर कोणी असावे लागते.

पोट दाबून कुठे दुखते ते पाहणे, खालची पापणी ओढून रक्त पाहणे, पायावर बोट दाबून सूज पाहणे, डोळ्यांची हालचाल पाहणे, कंपनकाट्याने पायाची संवेदना तपासणे, निजून आणि उभे राहून रक्तदाब घेणे, जमिनीवरून हात न टेकता उठता येते का ते पाहणे, या गोष्टी दहा मिनिटांच्या आहेत. त्यांना महागडे यंत्र लागत नाही, पण त्या फोनवर धड होत नाहीत.

आणि इथे माझी चूकही मांडली पाहिजे. बाई माझ्यासमोर बसल्या होत्या. म्हणजे ती 'प्रत्यक्ष भेट'च होती. पण मी पोट उघडून पाहिले नाही. पाहिले असते, तर ते लहान लहान ताजे व्रण दिसले असते. उलट्या किती दिवस चालल्या आहेत, हेही नीट विचारले नाही. रुग्णालयाने विचारले, पण पाहिले नाही. मी पाहिले, पण विचारले नाही. समोर बसल्याने तपासणी आपोआप होत नसते, हा धडा मी त्या दिवशी शिकलो.

मधला मार्ग : काखेत कळसा

आपण प्रश्नच चुकीचा विचारतो, असे मला वाटते. फोन की पुण्याची वारी, एवढे दोनच पर्याय आहेत असे आपण धरतो. तिसरा पर्याय आपल्याच गल्लीत असतो. तो म्हणजे तुमचा नेहमीचा डॉक्टर. हाताने करायची तपासणी त्याने करावी, रक्ताचे नमुने गावातल्या प्रयोगशाळेत द्यावेत आणि अहवाल समोर ठेवून शहरातल्या तज्ज्ञाशी फोनवर बोलावे. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला? वर्षातून एकदा मात्र तज्ज्ञाची प्रत्यक्ष भेट घ्यावीच.

यासाठी एक अट आहे. शस्त्रक्रिया झाल्याचे आपल्या डॉक्टरपासून लपवू नये. आपल्याकडे लोक ती लपवतात. "एवढं वजन होतं, तोंड आवरलं नाही, म्हणून कापून घेतलं," असे टोमणे ऐकावे लागतात, हे मी जाणतो. लठ्ठपणा हा आजार आहे, तोंडाचा गुन्हा नाही. शेजाऱ्यांना सांगू नका हवे तर, पण डॉक्टरला, दातांच्या डॉक्टरला आणि औषधाच्या दुकानदाराला सांगितलेच पाहिजे. कारणे ऐका :

१) बायपासनंतर अंगदुखीच्या, गुडघेदुखीच्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी जोडाच्या जागी जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो. दुकानातून 'अंगदुखीची एक द्या' म्हणून गोळी घेऊ नये.

२) गरोदरपणी ग्लुकोज पाजून साखर तपासतात. बायपास झालेल्या स्त्रीला त्या गोड पाण्याने धडधड, घाम, भोवळ येऊ शकते. तिच्यासाठी घरी यंत्रावर साखर मोजण्याची वेगळी पद्धत आहे. तसेच शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. वजन उतरल्यावर पाळी नियमित होऊन दिवस राहण्याची शक्यता वाढते, हे नवविवाहितांनी ध्यानात घ्यावे.

३) वजन उतरले की रक्तदाबाच्या जुन्या मात्रेने भोवळ येते. ती मात्रा वेळीच कमी करावी लागते.

४) दारू लवकर आणि जास्त चढते, व्यसनाचा धोकाही वाढतो. याबाबत सल्ला स्पष्ट आहे : दूर राहावे.

५) आणि उलट्या चालू असतील, तर ग्लुकोज लावण्याआधी थायमिन द्यावे लागते. हे मला माहीत होते. रुग्णाची शस्त्रक्रिया झाली आहे, हे माहीत नव्हते.

ताबडतोब दाखवा, फोनची वाट पाहू नका

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ताप, वाढती पोटदुखी, खांद्यात कळ, धाप किंवा विश्रांतीतही नाडी मिनिटाला १२० च्या वर असेल, तर टाक्याच्या जागेतून गळती होत असू शकते. एका पोटरीला सूज, छातीत दुखणे आणि दम लागणे ही रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते. यात तास मोजायचे असतात.

पुढे कधीही दिवसभर पाणीही ठरत नसेल किंवा आठवड्यात पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील, तर ते 'पित्त' समजू नये. एकाच्या दोन वस्तू दिसणे, तोल जाणे, विसरल्यासारखे होणे, डांबरासारखी काळी शौचास होणे या खुणांना त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बायपास झालेल्याला वर्षांनंतरही पोटात अधूनमधून तीव्र कळ येत असेल, तर आतडे आत अडकत असण्याची शक्यता असते. कळ थांबली म्हणून स्वस्थ बसू नये. पिवळेपणा किंवा उजव्या बरगडीखालची कळ असेल, तर पित्ताचे खडे तपासावेत. वजन झपाट्याने उतरताना ते होतात.

घरी काय करावे?

एक साधी वही करावी. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन लिहावे. रक्तदाब आणि साखर असेल तर तेही. फोनच्या आदल्या दिवशी तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : उलट्या किती वेळा झाल्या, दिवसात पाणी किती गेले, कोणत्या गोळ्या चुकल्या. घोटघोट करून दिवसाला दीड लिटर पाणी पोटात गेले पाहिजे. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेऊ नये, दोघांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. व्हिडिओवर बोलताना घरातले एक माणूस शेजारी बसवावे. आपण जे 'थोडेफार' म्हणतो, ते किती, हे त्याला माहीत असते.

रक्ततपासणीत हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, बी-१२, फोलेट, कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व, यकृत, मूत्रपिंड आणि मधुमेह असल्यास तीन महिन्यांची सरासरी साखर पाहावी. पहिल्या वर्षी दोन-तीनदा, नंतर दरवर्षी. पाकिटात एक चिठ्ठी ठेवावी : शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख, शल्यचिकित्सकाचा फोन क्रमांक आणि 'उलट्या असल्यास ग्लुकोजआधी थायमिन' ही एक ओळ. बेशुद्धावस्थेतल्या माणसाच्या वतीने ती चिठ्ठी बोलेल.

शिक्षिकाबाई सहा महिन्यांनी शाळेत रुजू झाल्या. वजन ११२ वरून ७६ किलोवर आले आहे, रक्तदाबाची गोळी बंद आहे. पावलांना थोड्या मुंग्या अजून येतात, त्या बहुधा राहतील. दर दिवाळीच्या सुट्टीत त्या अहवालांची फाइल घेऊन येतात. मी तपासतो आणि मग त्यांच्या डॉक्टरांना माझ्याच टेबलावरून फोन लावतो. मागच्या खेपेला त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तेव्हा मी सांगितलं असतं तर..." मी म्हटले, "बाई, मी विचारलं असतं तर."

आता माझ्या दवाखान्यात उलट्या घेऊन कोणीही आले, की मी आधी टेबलावर निजवतो आणि पोट पाहतो. सलाईन नंतर.